बाबांना ‘चला’ म्हणायचं राहिलं

आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते ड्यूटी-रूममध्ये चहा पिता पिता, आणि तेही हसायला. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला पंखा, पायऱ्यांवरचे पैंजण... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी डॉक्टर आहे, त्यातही भूलतज्ज्ञ. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. समोरचा माणूस शुद्धीत आहे, अर्धवट आहे की पार गेलाय, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा ‘ताई, थकवा असेल, झोप झाली नसेल’ असं कृपया खाली कोणी लिहू नका. ते मी लोकांना सांगते.

आणि दुसरं म्हणजे, हे मी घाबरून लिहीत नाहीये. मी चिडून लिहितेय. भीती कधीच गेली. चीड काही जात नाही.

माझे बाबा यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आयर्लंडला आले होते. आई आली नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि ‘मले त्या थंडीत नोको नेऊ’ हे तिचं ठरलेलं उत्तर. बाबा एकटे आले. वर्ध्याच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते, सगळी नोकरी फलाटावर उभ्याने काढली. त्यामुळे त्यांना एक सवय होती, म्हणजे आम्हाला वैताग आणणारी सवय. कुठेही निघायचं असलं की सगळी माणसं गाडीत बसेपर्यंत हे दाराशी उभे. सगळे बसले तरी उभेच. कोणीतरी ‘चला बाबा’ म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, अगदी स्लायगोच्या टेस्को सुपरमार्केटात जातानासुद्धा! मी गाडी सुरू करून हॉर्न वाजवायची आणि हे फूटपाथवर शांत उभे, हात मागे बांधून.

एक दिवस बाबा जवळच्या स्ट्रँडहिलच्या समुद्रावर फिरून आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि गेले. भर दुपारी. मी घरात होते, बाजूच्याच खोलीत. जे काही करायचं ते सगळं केलं, दुसऱ्यांच्या बापांना जे करते ते सगळं. उपयोग झाला नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

आयरिश लोक या बाबतीत फार चांगले, हे कबूल करायला हवं. शेजारपाजारच्यांनी सँडविचेसचे ट्रे आणून ओटा भरून टाकला. ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणत एकेकजण हात हातात घेऊन जायचा. दहन डब्लिनला झालं. अग्नी द्यायचा म्हणजे तिथे बटन दाबायचं. मी एकुलती एक, मीच दाबलं. आईने हे सगळं वर्ध्याहून व्हिडिओ कॉलवर बघितलं. नेटवर्क मध्येच जात होतं. तिला नवऱ्याचं शेवटचं तोंड दिसलं ते थांबत-थांबत, चौकोन-चौकोन होऊन. त्यानंतर तिने एकच गोष्ट मागितली. “त्यायले घरी आन. बाकी मले काही नोको.”

तर अस्थी घेऊन मी निघणार होते. माझा नवरा निखिल, नागपूरचा, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या एका कंपनीत आहे, बरेचसे दिवस घरून काम करतो. त्याला आमच्या दोघांच्या घरचे सगळे रीतिरिवाज पाठ. तो म्हणाला, अस्थी जमिनीवर ठेवायच्या नसतात, आणि इकॉनॉमीत वरच्या कप्प्यात ठेवल्यास तर लोक त्यावर ट्रॉली बॅगा आदळतील. “तू बिझनेस क्लासने जा. तिथे सीटपाशी स्वतःचा कप्पा असतो.” मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर रिवाजासाठी नाही. मला फक्त आडवं व्हायचं होतं. इतक्या दिवसांत पाठ टेकली नव्हती.

आईचा फोन आला. “ऐक. अस्थी नेताना त्यायच्याशी बोलत जावं लागते. नदी आली, वळन आलं, गाडी बदलली, की सांगजो... ‘बाबा, चला, आता इकडून.’ नाई तं मानूस मागं रायते. आन तुह्या बाबाचं तं तुले मालूमच हाय. चला म्हनल्याशिवाय हे हलत नाईत.”

“आई, प्लीज,” मी म्हणाले. “मी डॉक्टर आहे. मी विमानतळावर डब्याशी बोलत फिरणार नाही.”

“मी डब्याशी बोल कुठं म्हनलं?” आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

स्लायगो ते डब्लिन सगळा रस्ता हे काम निखिलने केलं. कार्यक्रमच होता तो! “बाबा, चला, मोटरवे लागला.” “बाबा, शॅनन नदी बरं का.” “बाबा, टोल.” मी शेवटी म्हटलं, अरे गप बस, कॉमेंट्री काय करतोस! तो अजिबात चिडला नाही. विमानतळावर मला सोडताना फक्त म्हणाला, “इथून पुढे तू म्हणायचं हं, मीनल.” मी ‘बघू’ म्हटलं.

सिक्युरिटीला बॅग बाजूला काढलीच त्यांनी. पिकल्या केसांचा एक जाडजूड ऑफिसर होता. कागद बघितले, डब्याकडे बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, “आणि हे कोण आहेत आपल्यासोबत?” मी म्हटलं, माझे वडील. त्याने डबा दोन्ही हातांनी उचलून परत बॅगेत ठेवला, आणि माझ्याकडे न बघता, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे हात दाखवत म्हणाला, “ग्रँड, ठीक आहे. चला सर, इकडून.”

मला तेव्हा ते गोड वाटलं. एवढंच. आणि पुढे सगळं ज्यावरून सुरू झालं ते हेच, असं आता वाटतं.

विमान एका आखाती एअरलाइनचं. आखातात उतरून दुसऱ्या विमानाने नागपूर. माझी सीट मधली, दोन सीटा शेजारी-शेजारी, आणि बाजूची रिकामी. सीटला खरंच एक झाकणाचा छोटा कप्पा होता. आयर्लंडमध्ये राहून सवय अशी झालीय की माझ्या तोंडून ‘प्रेस’च निघालं, ते लोक कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात डबा ठेवला, झाकण लावलं. मारिया नावाची फिलिपिनो एअर होस्टेस आली. माझ्यापुढे ज्यूसचा ग्लास ठेवला. शेजारच्या सीटपुढे दुसरा.

“इथे कोणी नाहीये,” मी म्हटलं.

“हो मॅडम, ते येतीलच,” ती हसून म्हणाली. “सगळे बसल्याशिवाय मी बसणार नाही म्हणतात. दारातच उभे आहेत. किती गोड आहेत तुमचे वडील!”

मी उचललेला ग्लास परत खाली ठेवला. पण डॉक्टरचं डोकं कसं चालतं बघा. मी स्वतःला सांगितलं, विमानात म्हातारे भारतीय ढिगाने असतात. हिने दुसऱ्या कोणाला तरी माझ्याशी जोडलंय. मी मान वळवून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

विमान सुटलं. दिवे मंद झाले. मारिया परत आली आणि मला विचारते, वडीलही व्हेजच घेतील ना? मी शांतपणे सांगितलं, मी एकटी आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी वाईट बोलले. गेली. थोड्या वेळाने मी ब्लँकेट घेऊन आडवी झाले, डोळा लागला. जागी झाले तर शेजारच्या सीटचा बेड केलेला. चादर घातलेली, उशी दबलेली, ब्लँकेट पायांशी नीट घडी करून ठेवलेलं. बाबा तसंच ठेवायचे. पण ब्लँकेटची घडी जगात हजार माणसं घालतात हो, मला माहीत आहे!

मी बटन दाबलं. मारिया आली. मी विचारलं, इथे कोण झोपलं होतं?

“तुमचे वडील. आत्ताच उठले. वॉशरूमला गेले असतील.”

मी उठले आणि सरळ जाऊन वॉशरूमपुढे उभी राहिले. लाल दिवा, म्हणजे आत कोणीतरी होतं. आज सोक्षमोक्ष लावतेच म्हटलं. बराच वेळ उभी राहिले, केस विस्कटलेले, पायात विमानातले ते बुटकुले मोजे. दार उघडलं आणि आतून एक अरब गृहस्थ बाहेर आले. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतेय, ते माझ्याकडे. ‘सॉरी’ म्हणून मी जागेवर परत आले. तोपर्यंत शेजारच्या सीटची उशी अजूनच दबली होती, किंवा मला तसं वाटलं. यातलं काहीही मी शपथेवर सांगणार नाही.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. क्रूच्या मुख्य बाईंना बोलावलं आणि खालच्या आवाजात, पण चांगलं झाडलं. माझे वडील वारलेत. त्यांना जाऊन महिनासुद्धा झाला नाही. त्या झाकणाखाली त्यांच्या अस्थी आहेत. आणि तुमची मुलगी मला रात्रभर सतावतेय. त्या बाई एवढंसं तोंड करून माफी मागत राहिल्या. मारिया मागे उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. ती रडली नाही, वाद घातला नाही. मुख्य बाई गेल्यावर हळूच खाली बसून मला म्हणाली, “मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. ते सारखे तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हता. मला वाटलं, तुमचं भांडण झालंय.”

मी तोंडावरून ब्लँकेट ओढून घेतलं. आणि त्याखाली, कोणाला ऐकू जाणार नाही असं ‘बाबा?’ म्हटलं. म्हणजे बघा, विश्वास नसलेली मी. उत्तर आलं नाही. मी बाजूला बघितलं. रिकामी सीट. परत बघितलं. रिकामीच. या मुलीला दिसतात, मला का नाही? मी कोण आहे, परकी?

त्या क्षणापासून मी चिडले ती अजून.

उतरलो. दारात मारिया उभी होती. मला ‘बाय मॅडम’ म्हणाली आणि माझ्या मागे बघून तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून गप्प बसली. मी वळलेसुद्धा नाही. सरळ लाउंजमध्ये गेले, तोंड धुतलं, कॉफी घेतली. तेवढ्यात आईचा फोन.

“उतरली का? म्हनलं का त्यायले चला?”

“हो आई, म्हटलं.”

“तिथी लई गर्दी असन. नीट म्हनलं ना?”

“म्हटलं गं बाई, म्हटलं!”

म्हटलं नव्हतं. तोंडच उघडलं नाही. रागाने, लाजेने, हट्टाने... काय हवं ते नाव द्या. नागपूरच्या फ्लाइटची घोषणा झाली, लाउंजच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडले, गेट जवळ होतं. विमानात बसले. इथेही शेजारची सीट रिकामी. एक ग्लास आला. एक ट्रे आला. शेजारी कोणी काही ठेवलं नाही. मला हायसं वाटलं, आणि मी ठार झोपले.

वर्ध्याला आमच्याकडे अस्थी घरात घेत नाहीत. काका गल्लीच्या टोकाला उभे होते, डबा घेऊन शंकराच्या देवळातल्या झाडाला टांगायला. आईला तेवढ्यापुरतं आणलं होतं तिथे, काठी टेकत. मी तिच्यापुढे डबा धरला. तिने त्यावर हात ठेवला. मग माझ्या मागे बघितलं, रस्त्यावर, गाडीत. परत डब्याकडे.

“हे कुठी हायेत?”

“आई...”

“मिनू, यात हे नाईत. कुठी सोडलं तू त्यायले?”

काका म्हणाले, वहिनी, दुःखाने असं होते. मीही तेच म्हटलं. मानसोपचाराचे दोन शब्दही ऐकवले. आईने ऐकून घेतलं. आणि सांगितलं की विसर्जन होणार नाही. पवनारला जायला गाडी ठरली होती, गुरुजी सांगून ठेवले होते, नातेवाईक जमले होते. ही जागची हलेना. “रिकामा डबा कायले सोडू पान्यात? हे आले का मंग जाऊ.” कावळ्याचं विचारू नका. नाही शिवला. पण आमच्या गल्लीत मुळात कावळे राहिलेच किती, असंही मी तेव्हा म्हणाले होते.

सगळी सुट्टी यात गेली. रोज भांडण. मी ओरडायची, काका समजावायचे, आई ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायची. रडणं नाही, काही नाही. वाट बघायची. जेवायला बसली की आधी विचारायची, “खरं सांग, म्हनलं होतं का?” आणि मी दर वेळी, निर्लज्जासारखी, हो म्हणायची. तिचं वजन उतरत होतं. मला दिसत होतं ते, आणि माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं. शेवटी माझी परत जायची तारीख आली. डबा झाडावरच राहिला. निघताना पाया पडले तर म्हणाली, “रस्त्यात दिसले तं सांगजो, मी जागीच हाय.”

परतीचं तिकीटही त्याच एअरलाइनचं, त्याच मधल्या विमानतळावरून. तेच लाउंज. काउंटरवर एक केरळची मुलगी बसलेली. बोर्डिंग पास घ्यायला तिने मान वर केली आणि ताडकन उभी राहिली.

“मॅडम, तुम्ही! कुठे होतात तुम्ही?”

मी म्हटलं, म्हणजे?

“त्या दिवशी तुम्ही आत गेलात, आणि तुमचे वडील इथे दाराबाहेरच उभे राहिले. मी म्हटलं अंकल, आत या, चालतं. ते नुसते हसले. तुम्ही बहुतेक मागच्या दाराने गेलात. ते इथेच उभे. मी व्हीलचेअरवाल्यांना सांगितलं, इन्फर्मेशनला सांगितलं. कोणी येईपर्यंत ते दिसायचे नाहीत, आणि परत बघावं तर उभे. हात मागे बांधून. मॅडम, इतक्या म्हाताऱ्या माणसाला असं सोडून जातात का?”

तिच्या डोळ्यांत खरा राग होता. मी काउंटर धरला. विचारलं, आत्ता... आत्ता आहेत?

तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे बोट दाखवलं. “ते काय, तिथे.”

मी वळले. अत्तरांचं दुकान, चाकांच्या बॅगा, कोणाचं तरी रडणारं बाळ, माणसंच माणसं. त्यात माझे बाबा नव्हते. मी त्या जागेपर्यंत चालत गेले. तिला ओरडून विचारलं, इथे? ती म्हणाली, “अजून थोडं डावीकडे.” मी डावीकडे सरकले. “हां, आता तुमच्या समोर.” माझ्या समोर फरशी होती हो! नुसती चकचकीत फरशी!

मला तिथे रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी नि संतापाचं जास्त होतं. जायचं होतं डब्लिनला. सोमवारची ऑपरेशनांची लिस्ट माझी होती. आणि आता तोंड उघडून ‘चला बाबा’ म्हटलं, तर ते येणार कुठे? माझ्यासोबत. म्हणजे परत स्लायगोला. आई तिकडे ओसरीवर बसलेली. आणि नाही म्हटलं, तर हे इथेच, या फरशीवर, उभे.

निखिलला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, “तू त्यांना इकडे घेऊन ये ना, मग दिवाळीत आपण दोघं मिळून...”

“इकडे आणून काय करू? खुर्चीत बसवू? आई खंगत चाललीय तिकडे!”

तो म्हणाला, “मग परत जा की. बसलीस कशाला?”

त्याचं हे एवढं सरळ बोलणं ऐकून मी भानावर आले. आमच्या डिपार्टमेंटचा प्रमुख फर्गल, त्याला मेसेज केला की वडिलांना घरी पोचवायचं राहिलंय, सोमवारी येऊ शकत नाही. अस्थींचं त्याला माहीत होतं, त्याला वाटलं असेल तेच काहीतरी. उत्तर आलं, “लिस्ट आम्ही बघतो. तू त्यांची काळजी घे.”

नागपूरच्या फ्लाइटला बिझनेसमध्ये जागा नव्हती. इकॉनॉमीत मिळाली, तीही मधली, दोन जाड्या माणसांच्या मध्ये. मी लाउंजच्या दाराशी परत आले, त्या फरशीपुढे उभी राहिले, आणि या वेळी कानाला फोन लावायचं नाटकसुद्धा केलं नाही. मोठ्याने म्हटलं, “चला बाबा.”

मग म्हणतच राहिले. “बाबा, सरकता जिना आहे, सांभाळून.” “बाबा, गेट इकडे.” “बाबा, बस आहे, चढा.” लोक बघत होते. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं. विमानात मी स्वतःहून एअर होस्टेसला विचारलं, तुम्हाला माझ्यासोबत कोणी दिसतंय का? तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी रोज वापरते, पेशंट असंबद्ध बोलायला लागला की. “नाही मॅडम. पाणी देऊ?” नको तेव्हा सगळ्यांना दिसत होते. आता हवं तर कोणालाच नाही! मला वाटलं, झालं, मी मूर्ख ठरले. नोकरीत खोळंबा केला, तिकीट फुकट गेलं, आणि मी हवेशी बोलत चाललेय. तरी तोंड थांबवलं नाही. नागपूरहून टॅक्सी केली. “बाबा, बुटीबोरी.” “बाबा, सेलू आलं.” ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायचा आणि गाडी अजून जोरात हाणायचा.

आईला मी कळवलं नव्हतं. घरापुढे उतरले तेव्हा ती अंगणात होती, एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने सडा टाकत. फाटकाचा आवाज आला तशी तिने वर बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या जराशा मागे, जराशा वर. बादली खाली ठेवली. पदर सारखा केला. आणि गेली चाळीसेक वर्षं ज्या आवाजात ती त्यांच्यावर खेकसत आली त्याच आवाजात म्हणाली,

“या. चपला तिथीच काढा, आत्ताच सडा टाकला मी.”

मग मला, “तू काहून आली वो परत? नोकरी गेली का?”

मी गर्रकन वळले. उघडं फाटक. वळण घेणारी टॅक्सी. ओला सडा, आणि त्यावर फक्त माझ्या बुटांचे ठसे.

“कुठे आहेत?” मी किंचाळले. “आई, दाखव मला! कुठे?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. “अवं... तुले दिसून नाई राहिले का?”

दुसऱ्या दिवशी पवनारला विसर्जन झालं. आईनेच काकांना गाडी सांगायला लावली. धाम नदीच्या पायरीवर बसून तिने स्वतःच्या हाताने अस्थी सोडल्या. त्या दुपारी व्यवस्थित जेवली. आता बरी आहे, रात्री झोपते, माझ्याशी फोनवर भांडते. निखिल म्हणतो, काम झालं ना, मग कशाला डोक्याला ताप करून घेतेस?

कसं सांगू याला? मारियाला दिसले. मारियाने त्यांना आधी कधी बघितलंही नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला दिसले. आईला दिसले. मी त्यांची एकुलती एक मुलगी. जाताना शेजारच्या खोलीत मी होते. अग्नी मी दिला, आणले मी, सोडले मी, परत जाऊन घेऊन आले तीही मीच. पूर्ण प्रवासभर, म्हणे, ते माझ्याकडेच बघत होते.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. वैद्यकीय नाही, धार्मिक नाही. तुमच्याकडे असेल तर आईचं, मारियाचं ठेवा बाजूला. मला फक्त माझं सांगा. एकदा, निमिषभर, पाठमोरे का होईना... मला का नाही दिसले?